बिनझाडाची कुंडी

त्या घरात सगळ्यांत जास्त लाड व्हायचे ते एका कुंडीचे, आणि त्या कुंडीत झाड नव्हतं. तशी गॅलरीत टोमॅटोची कुंडी होती, मिरचीची होती, गळक्या बादलीत पुदिना होता. पण ती सगळी सावत्र पोरं. लाडकी ती एकच, परातीएवढी रुंद, आणि आत नुसती माती. वर सुक्या पानांची दुलई, दुलईवर ओल्या गोणपाटाचं झाकण. सासरे सकाळी उठले की आधी तिचं झाकण उघडायचे, वाकून वास घ्यायचे, वाटीभर गुळाचं पाणी शिंपडायचे आणि मग स्वतःच्या चहाकडे वळायचे. घरात मुलगा होता, सून होती, पण "झोप लागली का नीट?" हा प्रश्न फक्त कुंडीच्या वाट्याला यायचा.

सुनेला या प्रकाराचं कौतुक वाटावं अशी अपेक्षा कोणी करू नये. ती एका मोठ्या हॉस्पिटलात निर्जंतुकीकरण विभाग सांभाळायची. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुवायच्या, पुडक्यांत बांधायच्या, ऑटोक्लेव्हमध्ये घालायच्या आणि दाबाच्या वाफेखाली त्यांच्यावरचा जीव न् जीव मारायचा, हा तिचा धंदा. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ, फक्त शिट्ट्या मारून गाव गोळा करत नाही. पुडक्यावर एक चिकटपट्टी लावलेली असते. काम चोख झालं की तिच्यावरच्या फिकट रेघा काळ्या पडतात. काळ्या रेघा म्हणजे आत आता काहीही जिवंत उरलेलं नाही. त्या रेघा बघून तिला रोज बरं वाटायचं. बाकी दिवसभरात बरं वाटण्यासारखं फारसं काही घडत नसे.

तर जंतू मारून पोट भरणारी सून आणि जंतूंना गूळ चारून मन रमवणारे सासरे एका छपराखाली राहत होते. दोघांत भांडण मात्र कधी झालं नाही. भांडायला निदान एकानं तरी बोलावं लागतं.

हा सगळा पसारा मुळात सासूबाईंचा. त्यांना जिवंत माती, सेंद्रिय माती असले शब्द ठाऊक नव्हते. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, भाज्यांची देठं, हाताला लागेल ते त्या कुंड्यांत कोंबायच्या आणि कोपरापर्यंत हात घालून कालवायच्या. हातमोजे त्यांनी जन्मात घातले नाहीत. त्यांच्या लेखी माती ती माती आणि सून ती फिनेलबाई. "हात नको लावूस ग फिनेलबाई, तुझ्या हाताच्या वासानंच झाड मरेल," असं त्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या. पाहुणे हसायचे. सूनही हसायची, दात दिसतील इतपत. तिचं खरं नाव त्यांनी कधी घेतल्याचं कोणाला आठवत नाही.

मग हिवाळा सरता सरता सासूबाई गेल्या. अचानक, दुपारच्या झोपेत. सासरे रडले नाहीत. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. खाली खड्ड्यात उतरून, नुसता दोराचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचे. बोलायची सवय अशीही नव्हती, होती तेवढीही आता सुटली. गॅलरीत स्टूल टाकून बसायचे, बोलावलं तर आत यायचे, वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. सकाळी उठवायला जावं तर भिंतीकडे तोंड करून जागेच असायचे. घरात कोणी "आई गेल्या" असं म्हणत नसे. "त्यानंतर" म्हणायचे, "ते झालं तेव्हापासून" म्हणायचे. एवढं सोवळं तर सुनेच्या विभागातही पाळलं जात नव्हतं.

अशा माणसाला मंडळं बरोबर हुंगून काढतात. 'जिवंत माती मंडळा'चे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, निवृत्त. आयुष्यभर लोकांची मुळं उपटली आणि आता मुळांना जपा म्हणून सांगत हिंडायचे. त्यांच्या मते माती उकरणं हे पाप, रासायनिक खत हे महापाप, आणि कुंडीतली माती फेकून नवी भरणं म्हणजे सरळसरळ खून. माती उकरली की तिच्यातले बुरशीचे धागे तुटतात, आणि त्या धाग्यांवरून म्हणे झाडं एकमेकांना निरोप धाडतात. मंडळाचे सभासदही एकमेकांना सतत निरोप धाडायचे, पण त्यात झाडांइतका मजकूर नसायचा. एक बाई कुंडीवर तळहात धरून मातीची स्पंदनं ओळखायच्या. एक गृहस्थ माशांच्या टाकीतला पंप लावून बादलीत खताचा चहा बुडबुडत ठेवायचे आणि त्याच्या चवीबद्दल जरा जास्तच आत्मविश्वासानं बोलायचे.

सासऱ्यांनी यातलं फारसं काही मनावर घेतलं नसावं. एक गोष्ट मात्र घेतली. ती त्यांनी एकदा जेवताना सांगितली, कितीतरी दिवसांनी आपणहून तोंड उघडून.

"डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाच्या हातावरचे जिवाणू वेगळे असतात. माझे वेगळे, तुझे वेगळे. ती रोज उघड्या हातानं त्या कुंडीत कालवायची. म्हणजे तिचे जिवाणू त्या मातीत आहेत. खाऊ घातलं की ते वाढतात, त्यांना पुढे पोरंबाळं होतात. म्हणजे..." ते ताटाकडे बघत राहिले. "म्हणजे ती सगळीच्या सगळी संपलेली नाही. तेवढी आहे तिथं."

मुलगा पाण्याच्या ग्लासात काहीतरी शोधायला लागला. सुनेला तिची विद्या सांगत होती की हातावरचे जंतू मातीत चार दिवसही तग धरत नाहीत, पोराबाळांची गोष्ट तर सोडाच. ती म्हणाली, "बाबा, भात वाढू?" एवढी फिनेल तीही नव्हती.

त्यानंतर त्या कुंडीतली चिमूटभर माती सासऱ्यांनी कोणाला दिली नाही. अध्यक्षांनी परोपरीनं समजावलं की जिवंत माती विरजणासारखी असते, वाटली की वाढते. सासरे म्हणायचे, "वाढेल तेव्हा वाढेल, आधी कमी होईल ना." टोमॅटोच्या कुंडीतसुद्धा त्यांनी तिचा कण पडू दिला नाही. आणि ते सकाळी उठायला लागले, कोणी न उठवता, दाढीबिढी करून. नवरा बायकोला म्हणाला, "हे बघ, त्या कुंडीला कोणी काही करायचं नाही. बाबा त्या कुंडीसाठी उठतात. उद्या ती नसली तर पुन्हा भिंतीकडे तोंड." नवरा चष्म्यांच्या दुकानात होता. जगाला लांबचं-जवळचं स्वच्छ दिसावं ही त्याची नोकरी आणि घरातलं काही दिसू नये ही त्याची इच्छा. पण एवढं त्यालाही दिसलं होतं.

मग चिलटं झाली. ओल्या मातीवर ती होतात, त्यात नवल नाही. दुधाच्या पातेल्यावर चिलटं, आरशावर चिलटं, घोरणाऱ्या नवऱ्याच्या नाकाशी चिलटं. कुंडीला हात लावायची सोय नाही म्हटल्यावर सुनेनं तोंड वापरलं. हॉस्पिटलात चहाच्या सुट्टीत ती सासऱ्यांच्या मातीचे किस्से रंगवून सांगायला लागली. "आमच्याकडे माणसांना काल रात्रीचं चालतं, मातीला मात्र ताजा नाश्ता लागतो." सगळ्याजणी पोट धरून हसायच्या. टिंगलीला घरचंच माणूस मिळालं की माल कधी कमी पडत नाही.

आणि एके दिवशी तिच्या विभागात, बांधून तयार असलेल्या पुडक्यावर एक चिलट बसलेलं सापडलं. सापडलं तेही मेट्रनबाईंना. जिनं आजवर नाकावर माशी बसू दिली नाही, तिच्या पुडक्यावर चिलट! अख्खी खेप पुन्हा धुवावी लागली, एक ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. मेट्रनबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि गोड आवाजात, म्हणजे त्यांच्याकडे जो सर्वांत वाईट आवाज आहे त्या आवाजात, विचारलं, "तुमच्या घरी म्हणे माती पाळलीय?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. किस्से तिनंच सांगितले होते.

"पुन्हा एक जरी चिलट दिसलं," मेट्रनबाई म्हणाल्या, "तर विभाग दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावा लागेल."

सुनेनं मान डोलावली आणि बाहेर आली. शरमेनं तिचे कान तापले होते. इतक्या वर्षांची कमाई एका चिलटानं धुळीला मिळवली होती, आणि ते चिलट, तिच्या मते, तिच्याच गॅलरीतून तिच्याच पर्समध्ये बसून आलं होतं.

त्याच सुमारास मंडळ जंगलात पालापाचोळा गोळा करायला मुक्कामानं निघालं. पाला समोरच्या बागेतही पडलेला होता, पण मग त्याला शिबिर म्हणता आलं नसतं. निघताना सासऱ्यांनी सुनेला गॅलरीत बोलावलं. पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर तान्हं पोर शेजारी सोपवून जाणाऱ्याची काळजी.

"सकाळी वाटीभर पाणी शिंपड. गूळ अगदी खडाभर, जास्त नको." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्यावर सोपवतोय. तो विसरेल."

सासूबाईंच्या राज्यात जिला त्या कुंडीजवळ उभं राहायची मुभा नव्हती, तिच्या हातात आज अख्खी कुंडी आली. आणि तिनं काय केलं? शहाणी माणसं माती खातात तेव्हा मोठ्या पद्धतशीरपणे खातात.

तिचा बेत साधा होता. चिलटांची अंडी मातीत असतात. अंडी मारायची, माती परत ठेवायची, बाबांना पत्ताही लागायचा नाही. औषध फवारलं तर वास मागे राहील, उन्हात वाळवावी तर गॅलरीत ऊन येतं कुठे. तिच्याकडे तर त्याहून उत्तम सोय होती. तिनं हातमोजे चढवले, पानांची दुलई बाजूला केली आणि आधी गांडुळं वेचली. एकेक, चिमट्यानं, जराही न दुखवता, ओल्या फडक्यावर. डोळ्यांना दिसली तेवढी सगळी तिनं वाचवली. मग माती हॉस्पिटलच्या जाड पिशव्यांत भरली, पिशव्या चाकांच्या सुटकेसमध्ये कोंबल्या, आणि सासूबाईंचं जे काही उरलं होतं ते ओढत ती कामावर निघाली. गेटवरच्या रखवालदारानं विचारलं, "बाहेरगावी का, मॅडम?" ती म्हणाली, "नाही हो, थोडं सामान आहे."

संध्याकाळी विभाग रिकामा झाल्यावर तिनं पिशव्या मागच्या जुन्या मशीनमध्ये घातल्या. ते फक्त दूषित कचऱ्यासाठी होतं. नियम मोडायचा तरी ती नियमानं मोडायची. सवयीनं प्रत्येक पिशवीवर पट्टी लावली. वाफ चढली, वाफ उतरली, तिनं दार उघडलं. पट्टीवरच्या रेघा ठसठशीत काळ्या, एकही फिकी नाही. तिला नेहमीसारखं बरं वाटलं.

बरं वाटलं, आणि लगेच त्या रेघांचा अर्थ तिच्या ध्यानात आला. काळ्या रेघा म्हणजे आत काहीही जिवंत उरलेलं नाही. चिलटं नाहीत, अंडी नाहीत, बुरशीचे धागे नाहीत, आणि 'तेवढी आहे तिथं' म्हणतात तीही नाही. हे वाक्य ती दरवर्षी नव्या नर्सना शिकवत होती; ते आपल्या सासूलाही लागू पडेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. चिलटं मारायची एवढंच तिनं ठरवलं होतं, आणि तिचं मशीन निवडून मारत नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? ती तिथंच एका उपड्या बादलीवर बसली. तिची विद्या अजूनही सांगत होती की ते हातावरचे जंतू केव्हाच मेले असणार. पण म्हाताऱ्यानं विद्येवर विश्वास टाकला नव्हता, हिच्यावर टाकला होता.

घरी येऊन तिनं माती पुन्हा कुंडीत भरली, गार झाल्यावर गांडुळं सोडली, दुलई पांघरली, गोणपाट घातलं. दिसायला सगळं जागच्या जागी. नवऱ्याला सांगून टाकावं असं तिला एकदा वाटलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "आज चिलटं जरा कमी वाटतात, नाही?" आणि तिनं सांगायचा विचार सोडून दिला.

सासरे परतले ते पाल्याचं पोतं घेऊन. हातपाय न धुता आधी गॅलरीत गेले, गोणपाट उचललं आणि वाकले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेले राहिले. गांडुळं कुंडीच्या काठावर येऊन बसली होती, उतरायला वाट शोधत. त्यांनी ती एकेक उचलली आणि टोमॅटोच्या कुंडीत नेऊन सोडली.

"काय झालं, बाबा?" सुनेनं दारातून विचारलं.

"काही नाही. इथं गर्दी झाली होती त्यांना."

दुसऱ्या दिवशी ते उठले, दाढी केली, झाकण उघडलं, गुळाचं पाणी शिंपडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सून दारात उभी राहून बघायची. रोज तिच्या जिभेवर यायचं आणि रोज ती गिळायची. सांगितलं तर उद्या हे कशाला उठतील? भिंतीकडे वळलेली ती पाठ तिला डोळ्यांसमोर दिसायची. पुढे पुढे तर ती स्वतःच गूळ विरघळवून वाटी त्यांच्या हातात द्यायला लागली. अपराध्याइतकी सेवा दुसरं कोणी करत नाही.

माती पुन्हा जिवंत करता येते, हे तिला ठाऊक होतं. पोत्यातला जंगलाचा पाला कुस्करून घातला की काही दिवसांत ती जंतूंनी भरून जाईल. पण ते कोणाचेही जंतू. घरमालकीण मारून भाडेकरू ठेवल्यासारखं ते झालं असतं. तेवढ्यात भाडेकरू न बोलावताच आले. उकडलेल्या मातीवर पसरणारी एक केशरी बुरशी असते, ती दुलईखालून वर आली. सासऱ्यांनी चष्मा वर करून ती बघितली, म्हणाले, "रंग बरा आहे," आणि तिच्यावर पाणी शिंपडलं. सुनेला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

या सगळ्याला एक झालर लागायची अजून राहिली होती. हॉस्पिटलात पुन्हा चिलटं दिसली, आणि या खेपेला थेट मेट्रनबाईंच्या चहात. धावपळ झाली, शोधाशोध झाली, आणि चिलटांचं माहेर सापडलं ते मेट्रनबाईंच्याच केबिनमध्ये. सत्कारात मिळालेली शोभेची कुंडी! बाईंची मर्जी राहावी म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला पाणी घालायचा. निष्ठेपोटी मातीचा चिखल झाला होता आणि त्यातून चिलटांचे थवेच्या थवे उठत होते. केबिनचं दार आणि विभागाचं दार समोरासमोर. म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटली, आणि सापही दुसऱ्याच्या घरातला. मेट्रनबाईंनी माफी मागितली नाही. "निसर्ग आहे," एवढंच म्हणाल्या. मागच्या खेपेला निसर्ग नव्हता, तेव्हा सुनेचे सासरे होते. इतर वेळी या एका गोष्टीवर सुनेनं चहाच्या कितीतरी सुट्ट्या गाजवल्या असत्या. पण किस्से सांगणं तिनं केव्हाच बंद केलं होतं.

आणि एका रविवारी मंडळ घरी आलं. सासऱ्यांनीच बोलावलं होतं म्हणे. गॅलरीत मावेनात इतकी माणसं झाली. अध्यक्षांनी समारंभपूर्वक गोणपाट उचललं, नाक थेट मातीत खुपसलं आणि डोळे मिटले.

"अहाहा! जंगल! साक्षात जंगल! मंडळी, जिवंत माती म्हणजे काय, ते वाचून समजायचं नाही. इथं येऊन नाक लावा."

मग एकामागून एक नाकं लागली. स्पंदनवाल्या बाईंनी तळहात धरला आणि म्हणाल्या, "बाई ग, किती जोरात! मुंग्या आल्या हाताला." खताच्या चहावाल्यांना गहिवरून आलं. सून चहाचे कप घेऊन दारात उभी होती. पाय तिथंच खिळले होते, नाहीतर ती केव्हाच पळून गेली असती.

निघता निघता अध्यक्षांनी नेहमीचा प्रयत्न नेहमीसारखा करून पाहिला. "एक मूठ द्याल का हो? विरजणापुरती?"

नकार ऐकायची सगळ्यांनाच सवय होती. सासरे म्हणाले, "घ्या की. सगळ्यांनी घ्या."

क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. मग पिशव्या निघाल्या, रुमाल निघाले, एकानं तर डोक्यावरची टोपीच पुढे केली. सासरे ओंजळी भरभरून वाढत होते. "घ्या, अजून घ्या, लाजू नका." ज्या माणसानं टोमॅटोला कण दिला नव्हता, तो आज खिरापत वाटत सुटला होता. यांना माहीत आहे, तिच्या मनात आलं. यांना आधीपासून माहीत आहे.

मंडळ जिना उतरून जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग आत आली, कप खाली ठेवले.

"बाबा, ती माती मी..."

"उकडलीस. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"आलो त्याच दिवशी. झाकण उचललं तर उकडलेल्या बटाट्यांचा वास. चिलटांसाठी केलंस ना?"

तिनं मान डोलावली. "मग रोज गुळाचं पाणी कशाला घालत होतात?"

"तू दारात उभी असायचीस. तोंड बघितलं होतंस का आपलं? मी एक दिवस चुकवला असता तर तू तिथंच कोसळली असतीस." त्यांनी हातावरची माती झटकली. "तू का नाही बोललीस?"

"तुम्ही सकाळी उठणार नाही म्हणून."

म्हणजे दोन धडधाकट, कळती माणसं इतके दिवस एकमेकांचं मन राखायला मेलेल्या मातीला गूळ चारत होती. मंडळ परवडलं, त्यांना निदान काही ठाऊक नव्हतं.

"राग नाही आला माझा?" तिनं विचारलं.

"आला. फार आला!" त्यांचा आवाज चढला. या घरात आल्यापासून तिनं तो चढलेला ऐकला नव्हता. "तुझ्या हातचं जेवण घशाखाली उतरत नव्हतं. ती असती ना, तर याच कुंडीत तुला उभी पुरली असती. तुला एवढी एकच गोष्ट सांगितली होती मी. एकच! आणि तीही तुझ्याच्यानं सांभाळली गेली नाही."

चिलटांचं, मेट्रनबाईंचं, नोकरीचं, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिनं त्यातलं काही सांगितलं नाही.

सासरे स्टुलावर बसले. बराच वेळ रित्या होत आलेल्या कुंडीकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "परवा पाणी घालत होतो. आणि एकदम लक्षात आलं की मला काही वेगळं वाटत नाहीये. माती मेलीय हे माहीत असून घालतोय, तरी आधी वाटायचं तसंच वाटतंय. अगदी तसंच. म्हणजे आधीही..." ते थांबले. "म्हणजे आधीही तिथं कोणी नव्हतं ग."

त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितलं.

"ती गेलीय ना?"

"हो बाबा," सून म्हणाली. "आई गेल्या."

आणि सासरे रडले. मोठ्यानं, नाक ओढत, त्यांच्या वयाला आणि अबोलपणाला अजिबात न शोभेल असे रडले. सून फरशीवर सांडलेल्या मातीतच बसली. जिनं आपल्याला कधी नावानं हाक मारली नाही, तिच्यासाठी आपल्या डोळ्यांत पाणी यायचं नाही, असं तिला इतके दिवस वाटत होतं. ते आलं. आपल्याला फिनेलबाई म्हणणारं आता जगात कोणी नाही, हे तिला पहिल्यांदा झोंबलं, आणि ती सासऱ्यांच्याही वर आवाज काढून रडायला लागली.

दुकान बंद करून नवरा घरी आला तेव्हा दार उघडंच होतं. गॅलरीतून रडण्याचा आवाज येत होता. तो धावत आला. बाप स्टुलावर हुंदके देतोय, बायको जमिनीवर, सगळीकडे माती.

"काय झालं? बाबा, काय झालं? कोण गेलं?"

सासऱ्यांनी बाहीनं नाक पुसलं.

"तुझी आई गेली रे," ते म्हणाले.

मुलगा काहीतरी बोलायला गेला. मग त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि तो त्या दोघांच्या मध्ये, मातीतच बसला.